श्रावणमास्तरांचा राब्बी

श्रावण गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं दिली, आणि नेमका त्या वेळी मी श्रावणलाच शिव्या घालत होतो. जानेफळहून मेहकरला येणाऱ्या सकाळच्या गाडीनं तो तपासलेली प्रुफं पाठवायचा. गाडी स्टँडवर लागली की कंडक्टर ते पुडकं माझ्या छापखान्यात टाकायचा आणि मग चहाला जायचा. चार दिवस पुडकं आलेलं नव्हतं. मशीन अडलं होतं, कंपोझिटर किसन हातावर हात धरून बसला होता, आणि मी म्हणत होतो की या माणसाला एकदा पुस्तकासकट पैनगंगेत बुडवला पाहिजे. तेवढ्यात कंडक्टर दारात आला, रिकाम्या हातानं. टोपी काढून म्हणाला, "मास्तर गेले हो नानाभाऊ. पहाटी. झोपीतच गेले." आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "अन् सातवा फर्मा?" फर्मा म्हणजे एका दमात छापायची आठ पानं. जिवाभावाचा मित्र गेला आणि मी आठ पानं विचारली... या गोष्टीची मला लाज वाटते. पण तितकाच रागही येतो, कारण माणसाच्या मरणावर असं काही तोंडून निघेल अशी वेळ त्यानंच माझ्यावर आणून ठेवली होती.

त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. शाळेत शोकसभा झाली. श्रावणमास्तर कसे शांत, निगर्वी, विद्यार्थिप्रिय होते यावर चार जण बोलले. ते सगळं खरंच आहे, त्यात मला काही घालायचं नाही. मला एवढंच सांगायचं आहे की या शांत, निगर्वी माणसानं मला नऊ वर्षं छळलं.

श्रावण जानेफळच्या माळ्याचा मुलगा. घरी वांगी, मेथी, कांदे. मेहकरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. तो पहिला यायचा, मी त्याच्या वहीत पाहून पास व्हायचो. पुढं तो जानेफळच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला आणि मी वडिलांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं, हा माझा धंदा. त्यात विद्वत्तेचा काही संबंध नव्हता आणि मी सुखात होतो. महाराष्ट्र राज्य झालं त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं खामगावला गेलो होतो. मला बांधणीसाठी रद्दी कागद हवा होता. रद्दीवाल्याच्या ढिगातून श्रावणनं एक इंग्रजी पुस्तक ओढून काढलं. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, शेवटचीही नाहीत. नाव कळायला मार्ग नाही, लेखक कोण तेही नाही. तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागला. मी दोन वेळा हाक मारली, तिसऱ्यांदा ढकलला, तेव्हा मान वर करून म्हणाला, "नाना, हा माणूस पाह्य बे... याच्यावर मराठीत कोनी लिहलं नसंन." मी म्हणालो, कोणी लिहिलं नसेल त्याला काही कारण असेल. ते त्यानं ऐकलं नाही. माझं असलं काही तो कधीच ऐकत नसे.

तो माणूस म्हणजे चारेकशे वर्षांपूर्वीचा, युरोपातला एक राब्बी. राब्बी म्हणजे ज्यू लोकांचा धर्मशास्त्री, आपल्याकडचा शास्त्रीबुवा म्हणा. जन्म पोलंडातला. प्लेगात आईबाप गेले तेव्हा हा पायी चालत इटलीतल्या एका गावी आला आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासायची आणि उरल्या वेळात स्वतःची टीका, म्हणजे भाष्य, लिहायची. टीका कशावर, तर धर्मग्रंथातल्या शेतीच्या कायद्यांवर. पेरणी कशी, बांध कसा, गरिबासाठी वावराचा कोपरा किती सोडायचा, सगळं. आणि गंमत अशी, की त्या गावात ज्यूंना जमीन घ्यायची बंदी होती. वीतभर वावर नसलेला माणूस जन्मभर वावरांचे नियम उकलत बसला. पुढं सरकारनं त्यांची पुस्तकं जाळायचा हुकूम काढला, त्यात याची टीकाही चौकात जळाली. यानं ती आठवून आठवून पुन्हा लिहिली, आणि जे आठवलं नाही तिथं जागा कोरी सोडली. अंदाजानं एक अक्षर भरलं नाही. ही कोरी जागा श्रावणच्या डोक्यात जाऊन बसली आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

कारण पुस्तक तो लिहिणार आणि छापणार मी, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. पहिलं प्रकरण मी जुळवलं, प्रूफ काढलं, त्यानं ते परत पाठवलं. पानभर लाल. मी दुरुस्त केलं. पुन्हा लाल. काही ठिकाणी त्यानं स्वतःचीच आधीची दुरुस्ती खोडून मूळचं घातलं होतं. मी ओरडलो की म्हणायचा, "आपला राब्बीबी प्रुफंच पाहे ना बे. त्यानं सोडली असती का चूक?" जुळवलेली पानं सोडता येत नव्हती, त्यामुळे खिळे अडकून पडायचे. राब्बी राब्बी करून त्या पुस्तकानं माझे सगळे 'ब' खाल्ले. ऐन लग्नसराईत एका बाबाराव बोबडेंच्या मुलीची पत्रिका आली, आणि मला किसनला सायकलवर दुसऱ्या छापखान्यात 'ब' उसने मागायला पाठवावं लागलं. गावात हसू झालं. श्रावणला सांगितलं तर तो गंभीरपणे म्हणाला, "मंग तू 'ब' जास्तीचे काऊन ठेवत नाही?"

तिसऱ्या वर्षी मेहकरला बांधकाम खात्यात एक ओव्हरसियर बदलून आले. कोकणातले, बेने इस्रायल समाजाचे. म्हणजे ज्यूच, पण घरात पिढ्यानपिढ्या मराठी. त्यांच्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. श्रावणला हे कळलं आणि त्याला आकाश ठेंगणं झालं. त्यांना घेऊन तो माझ्याकडं आला. ओव्हरसियर साहेबांनी चहा घेतला, प्रुफं चाळली आणि फार नम्रपणे म्हणाले, "मास्तर, राब्बीचं हे नाव तुम्ही जेचिएल लिहिलंय. ते येहिएल असावं." झालं! पानोपानी जेचिएल होता. छापून झालेली पानंही श्रावणनं रद्द केली. वर साहेबांनी सांगितलं, "आमच्या गावाकडं राब्बी असा कुणी नसायचाच, आमचे काजी असायचे." तेव्हा श्रावणनं त्यावर एक टीप वाढवली, दीड पानांची. आणि जाता जाता साहेब हसून म्हणाले, "आज शनिवार. तुमचा राब्बी शनिवारी लेखणीला हात लावत नसणार, आणि तुम्ही त्याची प्रुफं शनिवारीच तपासता." ते थट्टेत म्हणाले होते. श्रावणचा चेहरा मात्र उतरला. तोवर तो शनिवारी दुपारी शाळा सुटली की यायचा, आम्ही दोघं मिळून प्रुफं पाहायचो आणि शेवटच्या गाडीनं तो परत जायचा. पुढच्या शनिवारी आला नाही. रविवारी सकाळी माझ्या घराची कडी वाजली. हा उभा!

"आज छापखाना बंद असतो श्रावण."

"मंग उघड ना."

"अरे आठवड्यात एक दिवस सुट्टी मला. किसन नाही, कोणी नाही."

"शनवारी त्याचं काम करनं बरं दिसत नाही बे नाना. त्याले चालत नव्हतं."

चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला चालत नव्हतं म्हणून मी माझा रविवार सोडला. एक नाही, तेव्हापासूनचा प्रत्येक. माझी बायको म्हणायची, तुम्ही धर्म बदलला का? बदलला असता तर निदान शनिवारी तरी सुट्टी मिळाली असती. मी दार उघडायचो, श्रावण झाडू मारायचा, मी स्वतः खिळे जुळवायचो. तो खिडकीशी बसून वाचायचा आणि मधेच म्हणायचा, "हे पाह्य..." तो "हे पाह्य" म्हणाला की मी हातातला खिळा खाली ठेवायचो, कारण त्यापाठोपाठ अर्धं पान उकलायची वेळ यायची.

एक चूक मात्र माझी. जानेफळच्या वाचनालयानं दसऱ्याच्या आधी त्याचं व्याख्यान ठेवलं. त्यानं विषय लिहून पाठवला, 'एका थोर राब्बीचे जीवन व विद्वत्ता'. पत्रकावर एवढा मजकूर मोठ्या ठशात बसेना. म्हणून मी सर्वांत मोठे लाकडी ठसे काढून एकच शब्द ठळक टाकला आणि बाकीचं खाली बारीक. पण त्या मोठ्या ठशात माझ्याकडचा काना तुटलेला होता. किसन म्हणाला, काना नसला तरी वाचता येतं. मी म्हणालो, येतं. आणि पत्रकावर हाताएवढ्या अक्षरांत छापलं गेलं: 'रब्बी'. ते बाजाराच्या दिवशी सगळीकडं वाटलं गेलं. दिवस रब्बीच्या पेरणीचे. व्याख्यानाला हिवरा आश्रमाकडून बैलगाड्या आल्या, पार बीबी गावाकडून दोन जण सायकलींवर आले. वाचनालयात माणूस मावेना म्हणून सतरंज्या पटांगणात टाकल्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी धोतराच्या सोग्यात हरभऱ्याचं बी घेऊन बसला होता, दाखवायला. श्रावणनं ती गर्दी पाहिली, ते बी पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी पत्रक खिशात कोंबलं.

मला वाटलं, आता हा सभा मोडेल. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, चूक झाली. राब्बी म्हंजे तुमची रब्बी नोहे, तो एक मानूस होता. ज्याले जायाचं त्यानं जा, मले राग नाही. पन ह्या मानसानं वावराबद्दल एक गोठ लिहली हाये, ते आइकून जा." आणि त्यानं पेंढीचा कायदा सांगितला. कापणी झाली, पेंढ्या बांधून घरी आणल्या आणि एखादी पेंढी वावरात विसरून राहिली, तर ती आणायला परत जायचं नाही. ती विधवेची, पोरक्याची, परदेशी वाटसरूची.

तो बीवाला म्हातारा लगेच म्हणाला, "काऊन? वावर मायं, पेंढी माई. अन् मुद्दाम इसरलो तं?"

"तेच राब्बीनं इचारलं," श्रावण म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता की मी त्याच्या लग्नातही तसा पाहिला नव्हता. "मुद्दाम इसरलं तं ते इसरनं नोहे, ते दान झालं. दानाचे कायदे येगळे. हे पुण्य असं हाये बाबा, का ते ठरवून करताच येत नाही."

"मंग हे पुण्य माह्या म्हातारीले लय लागत असंन," म्हातारा म्हणाला. "ते रोज काही ना काही इसरते." पटांगण हसलं. हसू ओसरल्यावर त्यानं विचारलं, "या तुमच्या मानसाले वावर किती होतं मास्तर?"

"एक वीतबी नाही."

"मंग बराबर हाये. वावर असतं तं असा कायदा लिहला नसता."

उठून कोणी गेलं नाही. दिवेलागणीपर्यंत प्रश्न चालले. बांधाला बांध असला तर काय, बटाईनं दिलेल्या वावरात पेंढी कोणाची, झाडाखालचा आंबा विसरलेला धरायचा की पडलेला. स्टँडवर मला पोचवायला आला तेव्हा श्रावण म्हणाला, "नाना, तुह्या मोडक्या कान्यानं माह्या राब्बीले मानसं भेटली." मला जरा बरं वाटतंय तोवर पुढं म्हणाला, "पन पुस्तकात काना पाह्यजेच."

असं करत करत पुस्तक शेवटाला आलं, आणि शेवट नव्हता. मूळ पुस्तकाची शेवटची पानंच फाटलेली. राब्बी कधी मेला, कुठं मेला, पत्ता नाही. पानांच्या कपाळावर फक्त राब्बीचं नाव, पुस्तकाचं नाही, त्यामुळं दुसरी प्रत मागवणार तरी कशी? मी म्हणालो, लिही ना, वृद्धापकाळानं निधन झालं. सगळेच मरतात.

"तुले कोनं सांगतलं तो म्हतारा झाला म्हून?"

"मग लिही, काळाच्या पडद्याआड गेला."

"कोनता पडदा बे?"

त्यावरून आमचं इतकं भांडण झालं की दोन रविवार तो आला नाही, आणि आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. ओव्हरसियर साहेबांची अकोल्याला बदली झाली होती. त्यांनी कबूल केलं की मुंबईचे त्यांचे मामा ग्रंथालयांत येत-जात असतात, त्यांना राब्बीच्या नावावरून ते पुस्तक शोधायला सांगतो आणि शेवटची पानं उतरवून पाठवतो. मग आमचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. दर रविवारी दार उघडता उघडता मी विचारायचो, "पत्र?" तो म्हणायचा, "येईन." आणि पत्र येईपर्यंत काम काय, तर मागचंच पुन्हा तपासायचं. पहिला फर्मा पुन्हा, दुसरा पुन्हा. माझे खिळे झिजले, चष्म्याचा नंबर वाढला. मी म्हणायचो, श्रावण, आपण दोघं मरू आणि हे पुस्तक निघणार नाही. तो म्हणायचा, "निंघन बे. घाई कायची हाये?"

तेराव्यानंतर मी जानेफळला गेलो ते हस्तलिखित आणायला. मी ठरवलं होतं, आता मीच शेवट लिहीन, दोन ओळींत, आणि मोकळा होईन. श्रावणची बायको, गयावहिनी, ओसरीवर मेथी निवडत बसली होती. तिनं ट्रंक उघडून दिली. वर सगळी प्रकरणं, माझ्या दोऱ्यानं बांधलेली. तळाशी एक पाकीट, अकोल्याचा शिक्का. ओव्हरसियर साहेबांचं सुबक अक्षर. मामांना पुस्तक सापडलं होतं. त्यांनी शेवटचा परिच्छेद मराठीत उतरवून दिला होता. त्याचा अर्थ इतकाच, की राब्बीच्या मृत्यूची नोंद कुठंही सापडत नाही, तो केव्हा आणि कुठं वारला हे कोणालाच ठाऊक नाही. चरित्र तिथंच संपतं. फाटलेली बाकीची पानं नुसत्या सूचीची होती. मी वरची तारीख पाहिली. दोन वर्षं होऊन गेली होती!

मी ओरडलो. दुःखाच्या घरात, तिच्यासमोर ओरडलो. दोन वर्षं! दर रविवारी मी विचारत होतो आणि हा माणूस, पुराव्याशिवाय राब्बीला म्हातारासुद्धा करायला तयार नसलेला हा माणूस, माझ्या तोंडावर "येईन" म्हणत होता! माझे दोन वर्षांचे रविवार गेले, त्याचं काय?

गयावहिनीनं मेथीची जुडी खाली ठेवली. "आरडू नोका भाऊजी. मले वाचता येत नाही, पन तो कागद आला तवा त्यायनं मले वाचून दाखोला. मी म्हनलं, चला, झालं पुस्तक. तं म्हने, हाव, झालं. अन् मंग इथीच बसून राह्यले. जेवले नाही. दुसऱ्या दिवशी म्हने, गया, नानाले सांगू नोको."

"पण का?"

"सांगतलं असतं तं तुम्ही छापून मोकळे झाले असते." तिनं जुडी पुन्हा हातात घेतली. "मंग ऐतवारी त्यायनं कोनाकडं जावं?"

मी ते पाकीट प्रकरणांच्या बाडात ठेवलं आणि उठलो. परतीच्या गाडीत मांडीवर ते बाड घेऊन बसलो आणि त्याच्यावर चिडायचा प्रयत्न करत राहिलो. इतकी वर्षं मला ते सहज जमत होतं. त्या दिवशी लोणी गवळीचा थांबा मागं पडल्यावर जमेनासं झालं... मी खिडकीकडं तोंड करून बसलो. कंडक्टरनं माझं तिकीट मागितलं नाही.

पुस्तक मी छापलं. सातव्या फर्म्याची प्रुफं माझी मीच पाहिली. चुका राहिल्या असतील, त्या माझ्या. शेवटच्या पानावर ओव्हरसियर साहेबांनी उतरवलेलं ते वाक्य घेतलं. किसन म्हणाला, खाली जागा फार उरते, एखादा वेलबुट्टीचा ठसा टाकू. मी त्याला नको म्हणालो. पहिली प्रत बांधून झाली तशी परवा जानेफळला घेऊन गेलो. गयावहिनीनं हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं, पुठ्ठ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. श्रावणचं नाव कुठलं, राब्बी कुठला, हे मी दाखवलं. तिनं मान डोलावली आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. चहा झाला. मी उठलो तेव्हा तिनं विचारलं, "भाऊजी, आता तं सरलं सारं. मंग ऐतवारी काय करता तुम्ही?"

थाप मारावी असं मनात आलं होतं. घरी असतो, आराम करतो, नातवंडं येतात.

"छापखाना उघडतो," मी म्हणालो.